तेलाची बाटली बदलून लिव्हरची सूज उतरत नाही

पलूसच्या एका द्राक्षबागायतदाराने मोठं पत्र लिहिलं आहे. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. वय 41, वजन 84 किलो, उंची 167 सेंटीमीटर, कंबर 102. दारूला कधी शिवलेले नाहीत. पोटाच्या सोनोग्राफीत 'ग्रेड 2 फॅटी लिव्हर' आलं. लिव्हरची एन्झाइम एसजीपीटी 78, एसजीओटी 52, प्लेटलेट 2 लाख 40 हजार. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 240, चांगलं कोलेस्टेरॉल 34, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 6.1. डॉक्टरांनी 'लिव्हरला सूज आहे, वजन कमी करा' एवढंच सांगितलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक लेख आला: करडई आणि सूर्यफुलाच्या तेलातल्या ओमेगा-6 मुळे शरीरात अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड तयार होतं, त्याने सूज येते, म्हणून ही तेलं फेकून द्या, तूप आणि खोबरेल खा, सोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्या. त्यांनी घरातला करडईच्या तेलाचा डबा गड्याला देऊन टाकला. शिवाय 'आपल्या सांगलीची हळद' म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. आता विचारतात, हे बरोबर चाललंय का? आणि दारू न पिता लिव्हरला सूज येतेच कशी?

उत्तर आधी सांगतो. सूज खरी आहे. ती चरबीपासून बनणाऱ्या रेणूंमुळे येते, हेही खरं. पण तिची सुरुवात तेलाच्या डब्यात होत नाही, तुमच्या कमरेच्या घेरात होते. करडईचं तेल गेलं त्याचं नुकसान फार नाही, पण त्याच्या जागी तूप वाढवलंत तर नक्की होईल. माशाच्या कॅप्सूलने लिव्हर बरं होत नाही. हळदीच्या कॅप्सूल मात्र आजच बंद करा, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी लिव्हरमध्ये चरबी येते कुठून ते पाहू. बहुतेकांना वाटतं, ताटातलं तेल-तूप थेट लिव्हरमध्ये जाऊन बसतं. 2005 साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये एक सुंदर अभ्यास झाला. मोजक्याच रुग्णांवर होता, पण पद्धत चोख. लिव्हरचा तुकडा तपासण्याआधी काही दिवस रुग्णांच्या आहारातल्या आणि रक्तातल्या चरबीवर वेगवेगळ्या समस्थानिकांच्या खुणा केल्या आणि मग लिव्हरमधल्या चरबीवर कुठल्या खुणा निघतात ते पाहिलं. सुमारे 59 टक्के चरबी रक्तात फिरणाऱ्या मुक्त फॅटी अ‍ॅसिडमधून, म्हणजे मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या चरबीसाठ्यातून आलेली होती. 26 टक्के लिव्हरने स्वतःच साखर आणि पिष्ट पदार्थांपासून तयार केली होती. ताटातल्या चरबीतून थेट आलेली फक्त 15 टक्के. निरोगी माणसाचं लिव्हर उपाशीपोटी स्वतः बनवतं ती चरबी साधारण 5 टक्क्यांच्या आत असते. म्हणजे रुग्णाच्या लिव्हरमध्ये हा कारखाना कित्येक पटींनी जास्त चालतो.

सांगलीकरांना हे समजायला जड जाऊ नये. मारुती चौकात पाणी येतं ते चौकात पाऊस जास्त पडला म्हणून नव्हे, वर कृष्णेचं पात्र भरलं म्हणून. चरबी साठवायची हक्काची जागा म्हणजे त्वचेखालची चरबी. तिथे जागा असेल तोवर लिव्हरला त्रास नसतो. ती क्षमता संपली की चरबी पोटात आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्नायूंत शिरते. ही क्षमता प्रत्येकाची वेगळी असते आणि आपल्या लोकांची कमी असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली माणसं दिसायला बारीक असूनही अंगात चरबी जास्त बाळगतात. याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःचं आणि एका इंग्रज डॉक्टरचं उदाहरण छापलं होतं: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, पण शरीरातलं चरबीचं प्रमाण याज्ञिकांचं दुपटीहून जास्त. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी. तुमचा बीएमआय 30 आहे. गावात तुम्हाला 'अंगापिंडाने मजबूत' म्हणत असतील, तो भाग वेगळा.

आता सूज. पोटातल्या चरबीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर निरोगी माणसात मोठमोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी एकाला एक चिकटून बसलेल्या दिसतात. लठ्ठ माणसात त्याच पेशी आणखी फुगलेल्या असतात आणि अधूनमधून एखादी मेलेली चरबीची पेशी दिसते. तिच्याभोवती मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींचं कडं झालेलं असतं, मुकुटासारखं. त्या सांडलेली चरबी गिळायला आलेल्या असतात, आणि गिळता गिळता आरडाओरडा करतात. तो आरडाओरडा म्हणजे टीएनएफ-अल्फासारखी रसायनं. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ वाढलेलं असतं आणि त्याने इन्सुलिनचं काम बिघडतं हे 1993 मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. चरबीत मॅक्रोफेज पेशी घुसलेल्या असतात हे 2003 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. तोवर चरबी म्हणजे नुसती कोठी, असंच आम्हीही शिकलो होतो.

तुम्हाला आलेल्या लेखातलं अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड इथे येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक पेशीच्या आवरणात अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड बांधलेलं असतं. ते असणं गुन्हा नाही, त्याच्याशिवाय पेशी चालत नाही. पेशीला इजा झाली किंवा इशारा मिळाला की फॉस्फोलिपेज ए2 नावाचं एन्झाइम ते आवरणातून सोडवतं. सुटल्यावर त्याला मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली सायक्लोऑक्सिजनेज एन्झाइमची, तिच्यातून प्रोस्टाग्लँडिन आणि थ्रॉम्बोक्सेन बनतात. ताप आणि दुखणं येतं ते प्रोस्टाग्लँडिनमुळे, आणि आपण घेतो त्या वेदनाशामक गोळ्या हीच वाट अडवतात. दुसरी लिपॉक्सिजनेजची, तिच्यातून ल्यूकोट्राइन आणि त्यांचे भाऊबंद तयार होतात. तिसरी सायटोक्रोम पी450 एन्झाइमची. तिच्यातले काही रेणू उलट सूज शमवणारे आहेत. प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना 1982 चं नोबेल मिळालं. ल्यूकोट्राइनचा शोधही सॅम्युएलसन यांच्याच प्रयोगशाळेतला.

लठ्ठपणात दुसरी वाट फार बोलकी ठरते. ल्यूकोट्राइन बी4 नावाचा रेणू पांढऱ्या पेशींना हाका मारून बोलावतो. 2015 साली कॅलिफोर्नियातल्या जेरोल्ड ओलेफ्स्की यांच्या गटाने दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत, स्नायूंत आणि लिव्हरमध्ये हा रेणू वाढलेला असतो. तो चरबीत आणखी मॅक्रोफेज खेचतो. एवढंच नाही, लिव्हरच्या आणि स्नायूंच्या पेशींवर थेट बसून त्यांना इन्सुलिनला बहिरं करतो. तो पेशीवर ज्याच्यावर बसतो ते ग्राहक-प्रथिन जनुक काढून किंवा औषधाने बंद केलं तेव्हा उंदीर लठ्ठच राहिले, पण त्यांच्या इन्सुलिनचं काम सुधारलं आणि लिव्हरमधली चरबीही घटली. माणसांतही याची खूण सापडते. 2009 मध्ये अरुण सन्याल यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तातल्या चरबीरेणूंची मोजदाद केली. लिपॉक्सिजनेजच्या वाटेवरचे काही रेणू निरोगी माणसात कमी, नुसत्या फॅटी लिव्हरमध्ये त्याहून जास्त आणि सूज असलेल्या लिव्हरमध्ये सर्वांत जास्त, असे चढत्या क्रमाने आढळले. रक्तातली वाढ कारण आहे की परिणाम, हे अशा मोजणीतून ठरत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

इन्सुलिनला बहिरं होण्याचा अर्थ काय? जेवल्यानंतर इन्सुलिन चरबीच्या पेशींना सांगतं, 'आता चरबी सोडू नका.' पेशी ऐकेनाशा झाल्या की दिवसरात्र फॅटी अ‍ॅसिड रक्तात गळत राहतात, आणि मघाचे 59 टक्के तिथून येतात. लिव्हर तर आणखी चमत्कारिक वागतं. 'साखर बनवणं थांबव' हा हुकूम ते पाळत नाही, 'चरबी बनव' हा मात्र इमानाने पाळतं. स्वादुपिंड बिचारं साखर आवरायला आणखी इन्सुलिन ओततं, त्याने चरबीचा कारखाना आणखी जोरात चालतो. त्यात बनणारा मॅलोनिल-कोए हा मधला रेणू चरबी जाळणाऱ्या भट्टीचं दारच लावून घेतो. बनवणं चालू, जाळणं बंद. तुमचे ट्रायग्लिसराइड 240 आणि चांगलं कोलेस्टेरॉल 34, हे याचंच रक्तात दिसणारं रूप. एचबीए1सी 6.1 म्हणजे मधुमेह उंबरठ्यावर आहे.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. लिव्हरमध्ये थेंबाथेंबाने साठलेलं ट्रायग्लिसराइड स्वतः फारसं विषारी नाही. तो खरं तर लिव्हरचा बचाव आहे. 2007 मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. फॅटी अ‍ॅसिडपासून ट्रायग्लिसराइड बनवायची शेवटची पायरी बंद केली. लिव्हरमधली चरबी घटली, आणि सूज व जखमेचे व्रण वाढले. विषारी असतात ती न साठवलेली, मोकळी फिरणारी रूपं: पामिटिक अ‍ॅसिडसारखी संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅटी अ‍ॅसिड, त्यांच्यापासून होणारी सिरामाइड, डायअसिलग्लिसरॉल, लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन, शिवाय मोकळं कोलेस्टेरॉल. यांच्यामुळे पेशीतली प्रथिनं घडवणारी यंत्रणा कोलमडते, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियातून ठिणग्या उडतात आणि पेशी फुगून गोल, फिकट होते. बायोप्सीच्या काचेवर अशी फुगलेली पेशी आणि तिच्याभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या की पॅथॉलॉजिस्ट 'स्टिॲटोहिपॅटायटिस' (चरबीसोबत सूज) लिहितात. नुसते चरबीचे थेंब दिसले तर लिहीत नाहीत.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. मरणाऱ्या पेशींचा माल आणि आतड्यातून पोर्टल शिरेने येणारे जिवाणूंचे तुकडे यांनी लिव्हरमधले मॅक्रोफेज, म्हणजे कुप्फर पेशी, चवताळतात. त्यांच्या इशाऱ्याने स्टेलेट पेशी जाग्या होऊन कोलॅजनचे धागे विणू लागतात. वर्षानुवर्षं हे चाललं की लिव्हर कडक होत जातं, त्याला फायब्रोसिस म्हणतात. एफ0 ते एफ4 अशा त्याच्या पायऱ्या, एफ4 म्हणजे सिरॉसिस. सगळ्यांचंच तिथवर जात नाही. काही घराण्यांत पीएनपीएलए3 नावाच्या जनुकातला फरक हा प्रवास जवळचा करतो, म्हणून तुमच्या सख्ख्या नात्यात कोणी दारू न पिता 'पोटात पाणी होऊन' गेलं असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

शरीराला सूज थांबवायची व्यवस्थाही आहे, आणि तीही चरबीपासूनच बनते. माशांतल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-3 अ‍ॅसिडपासून रिझॉल्व्हिन आणि प्रोटेक्टिन नावाचे रेणू तयार होतात. अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिडपासूनही लिपॉक्सिन नावाचा शमवणारा रेणू बनतो. म्हणजे ज्याला खलनायक ठरवलंय त्याचीच ही दुसरी बाजू. हार्वर्डचे चार्ल्स सेरहान यांनी उभं आयुष्य या रेणूंवर घालवलं. काम उत्तम आहे. पण त्यावरून 'माशाचं तेल प्या, लिव्हर साफ होईल' असा निष्कर्ष काढणं म्हणजे जरा घाईच.

आता तुमच्या लेखाच्या मुळाशी येऊ. त्यातली साखळी कागदावर बरोबर आहे: करडई-सूर्यफुलात ओमेगा-6 प्रकारचं लिनोलेइक अ‍ॅसिड असतं, त्यापासून शरीर अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड बनवू शकतं, त्यापासून ल्यूकोट्राइन बनतात. चूक एवढीच की शरीर ही पायरी घट्ट धरून ठेवतं. आहारातलं लिनोलेइक अ‍ॅसिड कमी केलं किंवा कितीतरी वाढवलं, तरी रक्तातलं अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड फारसं हलत नाही. माणसांवरच्या अनेक चाचण्या एकत्र पाहून हे 2011 मध्येच स्पष्ट झालं होतं. नळ सोडतं कोण? फॉस्फोलिपेज. आणि त्याला चिथावणी असते चवताळलेल्या चरबीची. टाकीत पाणी किती, हा प्रश्न दुय्यम.

थेट लिव्हरवर पाहिलेले प्रयोगही आहेत. स्वीडनमध्ये 2014 साली तरुण माणसांना मुद्दाम जादा मफिन खायला घालून वजन वाढवलं. काहींच्या मफिनमध्ये पाम तेल, काहींच्या सूर्यफुलाचं. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं, पण लिव्हरमधली चरबी पाम तेलवाल्यांची बरीच जास्त वाढली. 2018 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी लोकांना 3 आठवडे रोज 1000 कॅलरी जादा दिल्या. लोणी-चीज-खोबरेल अशा संपृक्त चरबीने लिव्हरची चरबी 55 टक्क्यांनी वाढली, साखरेने 33 टक्क्यांनी, असंपृक्त तेलांनी 15 टक्क्यांनी. संपृक्त गटात रक्तातली सिरामाइडही वाढली. म्हणजे करडई काढून तूप आणि खोबरेल आणणं ही नेमकी उलटी दुरुस्ती झाली. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला माझी हरकत नाही. 'औषध' म्हणून वाटीने तूप पिण्याला आहे.

तेल कोणतं यापेक्षा किती, ते पाहा. तुम्ही लिहिलंय, चार माणसांना महिन्याला 5 लिटर लागतं. म्हणजे माणशी रोज 40 मिलिलिटरच्या वर, साधारण 350 कॅलरी. हे निम्म्यावर आणा. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल आलटूनपालटून चालेल. वनस्पती तूप आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं बंद. फरसाण, खारी, बिस्किटं यांत बहुधा पाम तेल असतं, पुड्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. घरच्या तेलाचा डबा गड्याला दिलात आणि चहासोबतची खारी तशीच ठेवलीत, तर गड्याचाच फायदा झाला म्हणायचा. जवसाची चटणी रोज खा, चांगलीच आहे. जवसातल्या ओमेगा-3 चं ईपीए-डीएचए फार थोडं होतं, म्हणून तिला मासळीची जागा देऊ नका इतकंच.

माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा आरोपी तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलाय: दिवसात पाच चहा, हंगामात बागेतली द्राक्षं 'मोजत नाही', दुपारी मूठभर बेदाणे, बाजाराला गेलं की रसवंतीवर उसाचा ग्लास. पाच चहात दोन-दोन चमचे धरले तर 50 ग्रॅम साखर. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोजचा बराच मोठा वाटा लिव्हरलाच निस्तरावा लागतो. तिथे तो चरबी बनवण्याच्या कारखान्याला थेट कच्चा माल पुरवतो. गुळाचंही तेच, गूळ म्हणजे प्रामुख्याने उसाचीच साखर. 'सेंद्रिय' गुळाला लिव्हर वेगळी वागणूक देत नाही. बेदाणा म्हणजे पाणी काढलेलं द्राक्ष: मुठीत मावतो, म्हणून हिशेबात येत नाही. बागायतदाराने द्राक्ष खाऊ नये असं कोण म्हणेल? जेवणानंतर दहा-बारा मणी खा, टोपलीजवळ बसून नको. उसाचा रस मात्र बंद. भडंग सोडा असं सांगून सांगलीत राहता येणार नाही, पण तो वाटीत घेऊन खा, पिशवीतून नव्हे.

मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्या. कोकणातून घाट चढून येतात, स्वस्तही असतात. तळण्याऐवजी कालवण करा. कॅप्सूलचं सांगायचं तर, शुद्ध ईपीए देऊन आणि ईपीए-डीएचए एकत्र देऊन मोठ्या चाचण्या 2014 मध्ये प्रसिद्ध झाल्या. फायब्रोसिसवर किंवा सुजेवर ठळक फायदा दिसला नाही. ट्रायग्लिसराइड उतरतात, हे खरं. पण त्यासाठी लागणारा डोस दुकानातल्या एका कॅप्सूलमध्ये नसतो, आणि तुमच्या 240 साठी पहिला उपाय साखर तोडणं हाच आहे.

चाणाक्ष वाचक विचारतील, सूज याच वाटांनी येते तर वाटा अडवणाऱ्या गोळ्याच का देत नाही? डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःच लिव्हरला इजा करू शकतात, शिवाय किडनीला. लिपॉक्सिजनेज अडवणारं झिल्युटॉन नावाचं दम्याचं औषध आहे, त्याच्या दुष्परिणामांत लिव्हरची एन्झाइम वाढणं हाच ठळक. मोंटेलुकास्ट ल्यूकोट्राइनची दुसरीच शाखा अडवतं. अ‍ॅस्पिरिनचा विषय रंगतदार आहे. 2024 मध्ये बोस्टनमध्ये 80 रुग्णांवर चाचणी झाली, रोज 81 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन 6 महिने दिल्यावर लिव्हरची चरबी घटली. पण माणसं 80, काळ 6 महिने, आणि सूज-फायब्रोसिसचा निकाल त्यातून लागत नाही. जठरातून रक्तस्राव होऊन मध्यरात्री मिरजेला आणलेले 'रोज एक अ‍ॅस्पिरिन'वाले मी पाहिले आहेत. स्वतःहून सुरू करू नका.

हळदीचं बोलू. सांगलीच्या हळदीबद्दल अभिमान मलाही आहे, आणि भाजी-आमटीतली हळद आयुष्यभर खा. कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. तिच्यात कर्क्युमिनचा अर्क असतो आणि मिरीतलं पायपरिन तो कितीतरी पटींनी जास्त शोषायला लावतं. अशा कॅप्सूलमुळे लिव्हरला तीव्र इजा झालेले रुग्ण अमेरिका, इटली, ऑस्ट्रेलियात नोंदले गेले आहेत. अमेरिकेतल्या नोंदींत अशा रुग्णांमध्ये एचएलए-बी*35:01 हा जनुकीय प्रकार जास्त आढळला. अशा कॅप्सूल चालू असताना तुमचा एसजीपीटी वाढला, तर तो चरबीचा की कॅप्सूलचा हे मला सांगता येणार नाही. म्हणून बंद. 'लिव्हर टॉनिक' म्हणून कोणी काढे दिले असतील तर तेही.

आता तुमच्या रिपोर्टकडे. 'ग्रेड 2' वाचून घाबरलात, पण सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे लिव्हर किडनीच्या मानाने किती पांढरं दिसतं एवढंच. कडकपणा किती, ते त्यातून कळत नाही. ग्रेड 1 असलेल्या माणसाला सिरॉसिस असू शकतो आणि ग्रेड 3 वाल्याचं लिव्हर मऊ असू शकतं. आम्ही आधी फिब-4 हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा काढतो, कुठलाही जादा खर्च न करता. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचं: 41 गुणिले 52 म्हणजे 2132, खाली 240 गुणिले 8.83 म्हणजे साधारण 2120. उत्तर 1. हे 1.3 च्या खाली असेल तर फायब्रोसिस पुढे गेलेला असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर असेल तर तज्ज्ञांकडे जायलाच हवं. तरी तुमची साखर उंबरठ्यावर आणि कंबर 102, म्हणून एकदा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या असं मी म्हणेन. सांगली-मिरजेत होतो. कडकपणा 8 किलोपास्कलच्या आत आला तर निर्धास्तपणे वजनाच्या मागे लागा. आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी राहिली असेल तर ती आधी करा. फॅटी लिव्हरच्या लेबलाखाली दुसरा आजार झाकून जातो.

वजनाचं गणित सोपं आहे आणि औषधांच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा भक्कम. 5 टक्के घटलं की लिव्हरची चरबी उतरते, 7 टक्क्यांना सूज बहुतेकांची निवळू लागते, 10 टक्क्यांना फायब्रोसिसही मागे हटू शकतो. तुमच्यासाठी म्हणजे 4, 6 आणि साडेआठ किलो. चरबीच्या पेशींवरचा ताण गेला की मॅक्रोफेजचं कडं विरतं, ल्यूकोट्राइनची हाक थांबते, इन्सुलिनचं ऐकलं जातं. या तीनही गोष्टींवर एकाच वेळी काम करणारी गोळी अजून कोणी बनवलेली नाही. गती आठवड्याला अर्धा ते एक किलो ठेवा. उपाशी राहून झटक्यात घटवलं तर पित्ताशयात खडे होतात, लिव्हरची सूजही वाढू शकते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि केळ्याचे वेफर हा उपवास लिव्हरच्या खात्यावर धरू नका.

चालण्याने वजनकाटा हलला नाही तरी लिव्हरची चरबी घटते, कारण स्नायू रक्तातली साखर आणि फॅटी अ‍ॅसिड खेचून घेतात. बागेत दिवसभर उभे असता, पण मजुरांवर देखरेख हा व्यायाम नाही. आठवड्याला 150 मिनिटं घाम येईल असं चाला, दोनदा थोडे वजनाचे व्यायाम करा. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची दोन कप घ्या. कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो.

औषधांबद्दल विचारलं नाहीत, पण विचारालच. व्हिटॅमिन ई 800 युनिट, मधुमेह नसलेल्या आणि बायोप्सीने सूज सिद्ध झालेल्यांना, डॉक्टरांच्या नजरेखाली. पायोग्लिटाझोन सुजेवर चालतं, वजन मात्र वाढवतं. सारोग्लिटाझार आपल्याच देशात विकसित झालं, 2020 मध्ये त्याला या आजारासाठी भारतात मान्यता मिळाली. अमेरिकेत रेस्मेटिरॉमला मार्च 2024 मध्ये आणि सेमाग्लुटाइडला ऑगस्ट 2025 मध्ये मान्यता मिळाली, दोन्ही मध्यम ते पुढच्या फायब्रोसिससाठी. तुमचा फिब-4 पाहता तुम्हाला आज यातलं काही लागेल असं वाटत नाही. स्कॅनमध्ये वेगळं निघालं तर पुन्हा बोलू.

2023 पासून या आजाराचं इंग्रजी नाव बदललं आहे. नव्या रिपोर्टवर एमएएसएलडी (म्हणजे हेच फॅटी लिव्हर) लिहिलेलं दिसलं तर नवीन काही जडलं असं समजू नका.

हळदीच्या कॅप्सूल बंद केल्यापासून सहा आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये.  आकडा तसाच राहिला तर वजन, कंबर आणि रक्ताच्या तपासण्या तीन महिन्यांनी. वजन घटूनही सहा महिन्यांत तो खाली आला नाही, तर थायरॉइड, लोह, ऑटोइम्यून अशा दुसऱ्या कारणांच्या तपासण्या कराव्या लागतील. येताना जुनी सोनोग्राफी, सगळे रिपोर्ट आणि कॅप्सूलची रिकामी बाटली घेऊन या. लेबलवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते मला पाहायचं आहे.